दूरशिक्षणातून बी. बी. ए. : प्रवेशापूर्वी आणि प्रवेशानंतर

बारावी झाल्याबरोबर नोकरी धरावी लागली, अशी मुले-मुली आपल्या वस्तीत घरटी एक तरी निघतील. कोणी गोदामात माल मोजते, कोणी मॉलमध्ये काउंटरवर उभे असते, कोणी मोबाईलवर ऑर्डर आली की दुचाकी काढते. चार-पाच वर्षे अशी जातात. मग एक दिवस लक्षात येते की, आपण ज्याला काम शिकवले तो मुलगा पदवीच्या जोरावर सुपरवायझर झाला आणि आपण होतो तेथेच आहोत. 'बाहेरून बी. बी. ए. करावे काय?' हा प्रश्न तेव्हा सुरू होतो. आपल्या संस्थेच्या मार्गदर्शन केंद्रात दर जून-जुलैमध्ये हेच विचारणारे विद्यार्थी व पालक येतात. त्यांना तोंडी जे सांगितले जाते ते एकदा सविस्तर लिहून काढावे, अशी सूचना कार्यकारिणीत आली. त्यानुसार हा लेख.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. दूरशिक्षण मध्येच सोडणाऱ्यांपैकी 'विषय डोक्यात शिरत नाही' म्हणून सोडणारे मला थोडेच भेटले. पुष्कळांची गाडी दुसऱ्या सत्राच्या आसपास अडते, कारण 'अभ्यास कोठवर आला?' असे विचारणारे कोणीच नसते. महाविद्यालयात घंटा असते, हजेरी असते, शेजारच्या बाकावरचा मित्र असतो. येथे पुस्तकांचा गठ्ठा किंवा मोबाईलवरच्या फाइली हाती येतात आणि मग पुढचे सारे आपल्यावर. दुसरा धोका प्रवेशाच्याही आधीचा आहे, तो म्हणजे फसवणुकीचा. या दोन गोष्टी सांभाळल्या तर मधला अभ्यासक्रम सामान्य बुद्धीच्या मुलाला झेपण्यासारखा आहे.

दूरशिक्षण ही कमी प्रतीची किंवा कालपरवा निघालेली सोय आहे, असा समज अजून आढळतो. दिल्ली विद्यापीठाने पत्रव्यवहाराने पदवीचे शिक्षण १९६२ साली सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली त्याच मार्गाने पाऊल टाकले. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघाले आणि १९९१ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला इग्नू म्हणतो ते स्थापन झाले. १ जुलै १९८९ रोजी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. १९९४ साली गुजरातने अहमदाबादला आणखी एक मुक्त विद्यापीठ काढले, त्यालाही बाबासाहेबांचेच नाव आहे. देशातल्या दोन मुक्त विद्यापीठांना त्यांचे नाव असावे, हे मला योग्य वाटते. शिक्षण मध्येच तुटणे आणि ते पुन्हा जोडणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. १९१६ साली ते लंडनला गेले, पण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परत यावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळविली. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२१ साली एम. एस्सी. व १९२३ साली डी. एस्सी. मिळविली. सिडनहॅम हे वाणिज्य शाखेचे कॉलेज, आणि बाबासाहेब तेथे अर्थशास्त्र शिकवीत. 'हिशेब, व्यापार हे आपले विषय नव्हेत' असे म्हणणाऱ्या आपल्यातील पालकांनी एवढे जरूर ध्यानात घ्यावे. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना जमावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले होते. कमावत शिकण्याची वाट आपल्याकडे नवी नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. बी. बी. ए. म्हणजे व्यवसाय प्रशासनाची पदवी. एखादा धंदा, कारखाना, दुकान, रुग्णालय किंवा संस्था चालवायची तर जी कामे करावी लागतात त्यांचा यात अभ्यास असतो. माणसे नेमणे व सांभाळणे, पैसा उभा करणे व त्याचा हिशेब ठेवणे, माल किंवा सेवा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणे, कायद्याच्या चौकटीत राहणे, ही ती कामे. विषयांची नावे विद्यापीठागणिक थोडी बदलतात. तरी व्यवस्थापनाची तत्त्वे, लेखाकर्म, व्यावसायिक अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन, मनुष्यबळ, व्यापारी कायदा हे विषय बहुतेक ठिकाणी सापडतील. कायद्यात १८७२ चा करार कायदा, १८८१ चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा (धनादेश न वटल्यास लागणारे १३८ कलम त्यातलेच), १९३२ चा भागीदारी कायदा, २०१३ चा कंपनी कायदा असे भाग असतात. २०१७ साली जीएसटी आल्यापासून करांचा भागही नव्याने शिकावा लागतो.

'बी. कॉम. करू की बी. बी. ए.?' हे हमखास विचारले जाते. माझे स्पष्ट मत असे की, ज्याला हिशेब, कर, बँक, लेखापरीक्षण यात जायचे आहे आणि ज्याचे इंग्रजी कच्चे आहे, त्याने बी. कॉम. करावे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात ते मराठीतून करता येते, आणि मराठीत समजून घेतलेला ताळेबंद इंग्रजीत पाठ केलेल्या ताळेबंदापेक्षा नोकरीत अधिक उपयोगी पडतो. ज्याला दुकान, गोदाम, विक्री, हॉटेल, दवाखान्याचे कार्यालय अशा ठिकाणी आज काम आहे व तेथेच वर चढायचे आहे, त्याला बी. बी. ए. जवळची वाटेल, कारण रोजचे काम आणि पुस्तक यांचा मेळ लगेच बसतो. इग्नूने मध्यंतरी रिटेलिंग म्हणजे किरकोळ विक्री या विषयातली बी. बी. ए. काढली, तिच्यामागे हाच विचार होता. कोणत्या वर्षी कोणती शाखा चालू आहे हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. स्पर्धा परीक्षांपुरते बोलायचे तर दोन्ही पदव्या सारख्याच. बँकांची कारकून व अधिकारी भरती, लोकसेवा आयोगाच्या बहुतेक परीक्षा यांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. पुढे एम. बी. ए. करायचे असल्यास महाराष्ट्रातील प्रवेशासाठी पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात. म्हणून 'नुसते पास झालो की झाले' या समजुतीत राहू नये.

आणखी एक बदल ठाऊक हवा. २०२४-२५ पासून महाविद्यालयांतील बी. बी. ए., बी. सी. ए., बी. एम. एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि आपल्या राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. सीईटीची तारीख हुकलेली मुले आता दूरशिक्षणाकडे वळतात, आणि नेमकी त्यांनाच गाठणारी मंडळी टपून बसलेली असतात.

मान्यतेविषयी म्हणूनच थोडे विस्ताराने लिहितो. दूरशिक्षणावर देखरेख करणारी जुनी परिषद २०१३ साली बंद झाली व ते काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे आले. आयोगाचे सध्याचे नियम २०२० सालचे आहेत. त्या नियमांप्रमाणे मान्यता नुसत्या विद्यापीठाला असून भागत नाही. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या विशिष्ट वर्षाच्या प्रवेशाला ती असावी लागते. गेल्या वर्षी यादीत होते म्हणून यंदाही असेल, असे धरून चालू नये. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी कोणालाही पाहता येते. घरात ज्याच्याकडे मोबाईल आहे त्याने पैसे भरण्यापूर्वी दहा मिनिटे त्यावर खर्च करावीत. २०२४-२५ च्या प्रवेशांपासून विद्यार्थ्याला आयोगाचा एक डी. ई. बी. क्रमांकही काढावा लागतो. तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. 'ते आम्ही बघून घेऊ' असे म्हणणाऱ्याच्या हाती आपला आधार व ओटीपी देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे आहे.

फसवणूक ओळखण्याच्या काही खुणा सांगतो. तीन वर्षांची पदवी एका वर्षात देतो म्हणणारा खोटे बोलतो. मागल्या तारखेने प्रवेश दाखवून देतो म्हणणारा तर गुन्ह्यात भागीदार करून घेतो, कारण उद्या नोकरीत कागदपत्रांची तपासणी झाली की अडकतो तो पदवी घेणारा. राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्यापुरतेच देता येते. तेव्हा दूरच्या एखाद्या राज्यातील विद्यापीठाचे 'केंद्र' आपल्या स्टेशनबाहेरच्या गाळ्यात कसे आले, हा प्रश्न विचारावा. अभ्यासकेंद्र मान्यताप्राप्त महाविद्यालयात किंवा तशाच शिक्षणसंस्थेत असावे लागते, खासगी शिकवणीवर्गाला ते चालविता येत नाही. शुल्क नेहमी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे व पावती विद्यापीठाच्या नावाची घ्यावी. आमच्या भागातील एका मुलाने एका 'अकादमी'कडे दोन हप्त्यांत रोख पैसे भरले होते. हाती आली ती केवळ अकादमीच्या शिक्क्याची पावती. पुढच्या वर्षी तो गाळा भाड्याने दुसऱ्याला गेला होता. त्या मुलाचे पैसे गेलेच, पण 'शिक्षण आपल्या नशिबात नाही' असे त्याची आई म्हणू लागली, ते मला अधिक जड वाटले.

हल्ली एक नवा प्रकार आहे, तो मी बँकेच्या काउंटरवरून पाहतो. मोबाईलवर ऑनलाइन पदवीची जाहिरात येते, गोड आवाजात फोन येतो आणि 'दरमहा थोडेसे भरा' असे सांगितले जाते. विद्यार्थी समजतो की शुल्काचे हप्ते पाडून दिले. प्रत्यक्षात पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज त्याच्या नावावर चढते आणि शुल्क एकरकमी तिकडे जमा होते. तीन महिन्यांनी शिक्षण सोडले तरी कर्ज सुटत नाही. हप्ता चुकला की सिबिलला नोंद जाते आणि मग पुढे घरासाठी किंवा रिक्षासाठी बँकेत आले की अर्ज अडतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली डिजिटल कर्जांसाठी नियम केले. त्याप्रमाणे कर्ज देण्यापूर्वी व्याज, आकार व एकूण परतफेड दाखविणारे एक पत्रक कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. ते पत्रक मागावे. ऑनलाइन पदवी म्हणून वाईट नसते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची असेल तर तीही कायदेशीर पदवीच आहे. मात्र सरकारी मुक्त विद्यापीठाचे शुल्क काय आहे ते आधी पाहावे, मग दुसऱ्याचे पाहावे. फरक पाहून निम्मे लोक आपोआप शहाणे होतात.

शिष्यवृत्तीबद्दल. १९९० साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. त्यामुळे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा मार्ग आपल्या विद्यार्थ्यांना खुला आहे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपयांची आहे. आपण निवडलेले विद्यापीठ व अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशाआधी पाहावे. पैसे मिळतील असे गृहीत धरून घरखर्चातून शुल्क काढू नये. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही कामे मे महिन्यातच उरकावीत, कारण जुलैमध्ये तहसील कार्यालयात रांग लागते.

दूरशिक्षणाने मिळालेल्या पदवीची किंमत कमी असते काय? आयोगाच्या २०२० च्या नियमांत स्वच्छ म्हटले आहे की, मान्यताप्राप्त संस्थेने दिलेली दूरशिक्षणाची पदवी ही महाविद्यालयात जाऊन मिळविलेल्या पदवीशी समकक्ष मानली जाईल. सरकारी नोकरीत हा प्रश्न उरत नाही. खासगी मालक नाक मुरडतात, तेही खरे आहे. पण जो उमेदवार तीन वर्षे त्याच क्षेत्रात काम करीत होता आणि त्याच काळात पदवीही घेतली, त्याने हे मुलाखतीत न लाजता सांगावे.

आता अभ्यासाचा हिशेब मांडू. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक असतात आणि दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. गुणाकार केला तर ३,६०० तास होतात. तीन वर्षांचे दिवस १,०९५. म्हणजे रोज सुमारे सव्वातीन तास, रविवार-सणवार धरून. बारा तासांची पाळी करणाऱ्या मुलाला हे जमणार नाही, हे उघड आहे. परंतु इग्नूसारख्या विद्यापीठात तीन वर्षांची पदवी पुरी करण्यास सहा वर्षांपर्यंत मुदत असते. सहा वर्षे धरली तर रोजचे पावणेदोन तासही पडत नाहीत. लोकलच्या प्रवासात वाचता येईल तेवढे वाचावे, आणि सत्राचे सगळेच विषय एका वेळी परीक्षेला न नेता दोन-तीन न्यावेत. संसार सांभाळणाऱ्या भगिनींनी तर सुरुवातीपासूनच चार-पाच वर्षांचा आराखडा करावा. तीनच वर्षांत व्हायला हवे या हट्टापायी पहिल्याच वर्षी दमून बसणाऱ्या मी पाहिल्या आहेत.

गुणांची वाटणी साधारणपणे अशी असते की, ३० गुण घरून लिहून द्यावयाच्या स्वाध्यायांना आणि ७० गुण सत्रान्त परीक्षेला. इग्नूत परीक्षा जून व डिसेंबरमध्ये होतात. दोन्हीत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षा छान गेली पण स्वाध्याय दिलेच नाहीत म्हणून निकालात विषय अपूर्ण राहिला, असे दरवर्षी घडते. स्वाध्याय हे लचांड आहे असे समजून काही विद्यार्थी बाजारातून तयार उत्तरे विकत आणतात व उतरवून काढतात. त्यात पापपुण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी व्यवहारात तोटाच आहे. तीन तासांच्या परीक्षेत सलग लिहिण्याची सवय फक्त स्वाध्यायातूनच लागते, आणि ती सवय कामावर जाणाऱ्या मुलाची सर्वात आधी सुटलेली असते.

पुस्तके भरण्याआधी वाचून पाहता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नाही. इग्नूचे स्वयंअध्ययन साहित्य 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. प्रवेशाचा विचार असणाऱ्याने लेखाकर्माचे एक प्रकरण आणि व्यवस्थापनाचे एक प्रकरण आधी वाचावे, प्रकरणात मध्येमध्ये दिलेले प्रश्न सोडवावेत. आठवडाभर हे जमले तर अर्ज भरावा.

खरी अडचण येते ती इंग्रजीची. बी. बी. ए. चे साहित्य बहुतेक इंग्रजीत असते आणि आपली पुष्कळ मुले मराठी शाळेतली. यावर एक उपाय मला लागू पडलेला दिसला आहे. इंग्रजी शब्दाला मराठीतला जुना, रुळलेला शब्द शोधून वहीत लिहायचा. जर्नल म्हणजे कीर्द. लेजर म्हणजे खातेवही, आणि कीर्दीतून त्यात नोंदी नेणे म्हणजे खतावणी. ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. हा शब्द तर इंग्रजीहून बोलका आहे, वस्तू घासून झिजते हे त्यातच आले. वर्किंग कॅपिटल म्हणजे खेळते भांडवल. वडापावच्या गाडीवाल्याला विचारा, तो सकाळी बटाटे, पाव, तेल आणण्यासाठी जी रक्कम बाजूला ठेवतो तेच हे. असे शंभर-सव्वाशे शब्द झाले की इंग्रजी पुस्तक परके वाटत नाही. उत्तर इंग्रजीतच लिहायचे असते, पण समजणे आधी आपल्या भाषेत व्हावे.

कला शाखेकडून आलेल्यांना लेखाकर्मात एक ठिकाणी हमखास ठेच लागते, ती 'डेबिट-क्रेडिट'ची. पासबुकात पैसे भरले की 'क्रेडिट' लिहून येते, आणि पुस्तक सांगते की बँकेत पैसे भरले तर बँकेचे खाते 'डेबिट' करा. मुले म्हणतात, पुस्तक चुकले. पुस्तक बरोबर आहे आणि पासबुकही बरोबर आहे. पासबुक हे बँकेच्या वहीचा उतारा आहे. तुम्ही हजार रुपये भरले तेव्हा बँक तुमची हजार रुपयांची देणेकरी झाली. तिच्या वहीत तुम्ही धनको, म्हणून तुमच्या नावे जमा, म्हणजे क्रेडिट. तुमच्या स्वतःच्या वहीत मात्र बँक तुमची ऋणको, म्हणून तिच्या नावे टाकायचे, म्हणजे डेबिट. व्यवहार एक आणि वह्या दोन. वही कोणाची हे आधी ठरविले की निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरे एक उदाहरण या स्मरणिकेचेच घेऊ. खर्च दोन प्रकारचे असतात. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, प्लेटा यांचा खर्च प्रती किती का छापा, तेवढाच राहतो, तो स्थिर खर्च. कागद, छपाई, बांधणी यांचा खर्च प्रतीगणिक वाढतो, तो बदलता खर्च. समजा, स्थिर खर्च २४,००० रुपये, प्रतीमागे बदलता खर्च ६० रुपये आणि देणगीमूल्य १०० रुपये ठेवले. प्रत्येक प्रतीमागे ४० रुपये हाती राहतात. २४,००० ला ४० ने भागले तर ६०० येतात. म्हणजे ६०० प्रती गेल्या की तोटा नाही, नफाही नाही. पुस्तकात याला ब्रेक-इव्हन म्हणतात, आपण समतोल बिंदू म्हणू. जाहिरातींचे १०,००० रुपये मिळाले तर भरून काढायचे १४,००० च उरतात आणि ३५० प्रती पुरतात. जाहिरात समिती एवढी धावपळ का करते, ते यावरून कळावे! हे गणित एकदा समजले की मुलाला चहाची टपरी, शिवणकाम, मंडपाचा धंदा कशालाही ते लावून पाहता येते.

पैशाच्या नियोजनाचा विषय आपल्या धम्मालाही अनोळखी नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक, असा उपदेश आहे. वित्तीय व्यवस्थापनाच्या प्रकरणात भांडवलाची पुनर्गुंतवणूक व राखीव निधी हे शब्द आले की विद्यार्थ्यांनी हे सुत्त आठवावे, समजायला सोपे जाईल.

आता एकटेपणाचे पाहू. गेली काही वर्षे आपल्या विहाराच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास दूरशिक्षणाचे विद्यार्थी एकत्र बसतात. शिकविणारा कोणी नसतो. विद्यापीठे वेगळी, वर्षे वेगळी, एखादा बी. ए. करणारा असतो, एखादी बी. कॉम. करणारी. पद्धत साधी ठेवली आहे. मागल्या रविवारी ज्याने जे वाचीन म्हणून सांगितले, ते वाचले की नाही हे तो सर्वांसमोर सांगतो, आणि त्यातली एक कल्पना दहा मिनिटे इतरांना समजावून देतो. रात्रपाळी करून येणारा एक सुरक्षारक्षक मुलगा सुरुवातीला भिंतीला टेकून पेंगत असे. त्याला मागणी-पुरवठ्याचा नियम समजावून द्यायला लावले, तेव्हा त्याने इमारतीतल्या टँकरच्या पाण्याचा मे महिन्यातील भाव व ऑगस्टमधील भाव यांवरून तो असा सांगितला की पुस्तकातला आलेख कोणाला लागलाच नाही. स्वाध्यायाची तारीख फळ्यावर लिहिलेली असते. न आलेल्याला संध्याकाळी फोन जातो. या खोलीत येणारे बहुतेक टिकले, हे नमूद करावेसे वाटते. बौद्ध साहित्यात कल्याणमित्र हा शब्द वारंवार येतो. दूरशिक्षण घेणाऱ्याला तर त्याच्यावाचून चालतच नाही.

या वर्गात यंदापासून एक भर घालण्याचे ठरले आहे. संस्थेचे खजिनदार गेल्या वर्षीच्या पावत्या व व्हाउचरांच्या छायाप्रती नावे झाकून विद्यार्थ्यांना देणार आहेत. त्यांवरून कीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद असे क्रमाने तयार करायचे आणि शेवटी लेखापरीक्षकांनी मंजूर केलेल्या ताळेबंदाशी ताडून पाहायचे. ताळा जुळला नाही तर चूक कोठे आहे ते शोधण्यात जे शिकायला मिळते, ते कोणत्याही पुस्तकात नाही. ज्येष्ठ सभासदांपैकी जे कार्यालयांतून निवृत्त झाले आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार दिला तर व्यापारी कायदा व इंग्रजी पत्रलेखन हेही विषय घेता येतील.

काही बारीकसारीक गोष्टी राहिल्या. आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्यास मुभा दिली आहे, त्यामुळे एखाद्या महाविद्यालयात बी. ए. करणारा विद्यार्थी दूरशिक्षणाने बी. बी. ए. ही करू शकतो, मात्र प्रत्येकाने या फंदात पडावे असे नाही. विवाहित भगिनींच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे नाव असते. पुढे पदवीवर कोणते नाव हवे ते आधी ठरवून विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल जोडावा, नाहीतर पदवी हाती आल्यावर दुरुस्तीसाठी खेटे पडतात. प्रवेश घेताना मोबाईल क्रमांक व ई-मेल स्वतःचाच द्यावा, सायबर कॅफेवाल्याचा नको, कारण हॉल तिकीट, स्वाध्यायाचे प्रश्न, निकाल सारे त्यावरच येते. परीक्षेचे वेळापत्रक लागले की त्याच दिवशी त्याची प्रत जोडून कामाच्या ठिकाणी रजेचा लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. कंत्राटी कामावर रजा मिळणे कठीण असते, पण महिनाभर आधी दिलेला अर्ज मुकादमालाही एकदम फेटाळता येत नाही, बदली माणूस लावायला त्याला वेळ मिळतो. इग्नूची विभागीय केंद्रे आपल्या राज्यात मुंबई, पुणे व नागपूर येथे आहेत. नाशिकच्या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयांतून चालतात. इग्नूचे प्रवेश जुलै व जानेवारी असे वर्षातून दोनदा होतात, तेव्हा जुलै चुकला तर वर्ष वाया गेले असे समजू नये. मधले चार-पाच महिने रविवारच्या खोलीत येऊन बसावे, पहिल्या सत्राची पुस्तके वाचावीत आणि मग जानेवारीत अर्ज भरावा.